पाठीवर लाल गोल

पीओपीच्या गणेशमूर्तीच्या पाठीवर ऑइलपेंटने लाल गोल काढावा, असा आदेश २०२५च्या गणेशोत्सवाआधी निघाला. विक्रेत्याने अशा मूर्तींची नोंदवही ठेवावी, गिऱ्हाइकाच्या हातात विसर्जनाचं पत्रक द्यावं, हेही सोबत होतं. पंधरा वर्षं चाललेलं एक पर्यावरणधोरण अखेर ब्रशच्या एका फटकाऱ्यावर येऊन थांबलं. तो ब्रश मूर्तिकाराच्या हातात. या पंधरा वर्षांत त्याला कुणी बैठकीला बोलावलंच असेल, तर बहुतेक वेळा समज देण्यासाठी.

बरं, घरात बाप्पा भिंतीकडे पाठ करून बसतात. दीड दिवस असो की दहा, तो गोल कुणालाच दिसत नाही. दिसायचा तेव्हा एकदम विसर्जनाच्या रात्री दिसणार. हौदावर उभ्या असलेल्या महापालिकेच्या कर्मचाऱ्याला, भर पावसात, हॅलोजनच्या उजेडात, मागे ढोल-ताशे आणि पुढे दोनशे माणसांची रांग. त्याने मूर्ती वळवून पाठ बघावी आणि म्हणावं, ‘काका, तुमचे बाप्पा इकडे नाही, तिकडे.’ हे ज्याने लिहिलं त्याला एका अनंत चतुर्दशीला हौदावर ड्यूटी लावा. पुढच्या आदेशाची भाषा आपोआप बदलेल.

पण चेष्टा राहू द्या, आधी तारखा पाहू. या विषयात सगळी गंमत तारखांत आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१०ची. ती सुधारून मंडळाने १२ मे २०२० रोजी पीओपीच्या मूर्तींवर बंदी घातली. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती, म्हणजे हातात शंभरेक दिवस. पेण तालुक्यात तोवर कोठारं भरलेली होती, त्यात कोविडची टाळेबंदी. दहा-बारा दिवसांत केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी बंदी एक वर्ष पुढे ढकलली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि त्यापुढच्या वर्षीही. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ हे आपण बाप्पाला म्हणतो असा समज आहे. प्रत्यक्षात आपण ते मुदतवाढीला म्हणत होतो, आणि ती बाप्पापेक्षा वक्तशीर निघाली.

मग न्यायालय आलं. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की बंदी कागदावर ठेवू नका, काटेकोर राबवा. माघी गणेश जयंती होती १ फेब्रुवारीला. मध्ये एक दिवस. मूर्ती मंडपात आलेल्या, काही ठिकाणी डोळे उघडलेले. विसर्जनाच्या दिवशी मोठ्या मूर्तींना पाणी मिळेना. कांदिवलीच्या चारकोपमधल्या मंडळाची मूर्ती तर महिनोन्‌महिने झाकून ठेवली गेली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रात गेली. पुढचे गणपती यायची वेळ झाली तेव्हा मागचे गेले.

९ जूनला न्यायालयाने पीओपीची मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र दिली नाही. तेव्हा चतुर्थीला ७९ दिवस उरले होते. २४ जुलैला विसर्जनाचं ठरलं. सहा फुटांपर्यंतच्या पीओपीच्या मूर्ती कृत्रिम तलावातच, त्यावरच्या मूर्तींना दुसरा उपाय नसेल तर नैसर्गिक पाण्याची मुभा, आणि ही व्यवस्था मार्च २०२६ पर्यंत. तेव्हा उरले होते ३४ दिवस.

न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. ते समोर आलेल्या याचिकेवर बोलतं, आणि याचिका येते ती बाकी सगळे गप्प बसल्यावर. याचिका करणाऱ्यांत शाडूच्या मूर्ती घडवणारे मूर्तिकारही होते, हे पुष्कळांच्या लक्षात आलं नाही. विरोधात पीओपीवाले मूर्तिकार होतेच. एकाच धंद्यातली माणसं कोर्टात समोरासमोर उभी राहिली आणि ज्यांनी त्यांना एका टेबलाशी बसवायचं त्या महापालिका ‘न्यायालयाच्या निर्देशांची प्रतीक्षा’ करत बसल्या. मुंबई-पुण्यात २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकही नव्हते, प्रशासक होते. एरवी नगरसेवकाच्या नावाने आपण बोटं मोडतो, पण गल्लीतल्या मंडळाची मूर्ती किती फुटांची आणि कोणत्या कारखान्यातून येते, हे त्याला तोंडपाठ असतं. फायलीला ते माहीत नसतं.

आता मूर्तिकाराचं वर्ष पाहा. पेण, हमरापूर, जोहे इथे गणपती गेले की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाचं काम लागतं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती जहाजाने जायच्या, म्हणून न्यू जर्सीच्या किंवा मॉरिशसच्या बाप्पाला उन्हाळ्यातच निघावं लागतं. साचे कोणते काढायचे, माती किती मागवायची, पीओपीच्या किती गोण्या उतरवायच्या, कर्ज किती उचलायचं, हे सगळं दिवाळी ते पाडवा या काळात ठरतं. मे महिन्यातली बंदी त्याच्या दृष्टीने पर्यावरणधोरण नसतं. तयार मालावरची जप्ती असते. तो विरोध करतो, मोर्चा काढतो, मंत्र्याच्या दारात जातो, मुदतवाढ मिळवतो. मग आपण म्हणतो, या लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही.

पीओपीवाल्यांच्या संघटनाही काही गरीब गाय नाहीत. पंधरा वर्षांत पर्यायी साहित्याकडे वळायला वेळ पुरला नाही, हे म्हणणं गणपतीलाही पटणार नाही. दरवर्षी मिळालेलं वर्ष त्यांनी पुढचं वर्ष मिळवण्यात घालवलं. पण त्यांनी असं का केलं हे समजून घ्यायला कारखान्यात जावं लागतं. पीओपी साच्यात भरला की अर्ध्या तासात हाती येतो, पोकळ, हलका, टेम्पोत एकावर एक रचता येतो. शाडू भिजवायचा, मळायचा, साच्यात थापायचा, काढायचा, मग वाळवायचा, तोही सावकाश. घाई केली तर खांद्याला तडा जातो, आणि आषाढात हवेतच पाणी असतं. आठ दिवस फळीवर बसलेली मूर्ती आठ दिवस जागेचं भाडं खाते. म्हणजे महापालिका शाडू मागते तेव्हा ती मूर्तिकाराकडे चौरस फूट मागत असते. हे मुंबईत उशिरा का होईना कळलं. महापालिकेने शेकडो टन शाडू मोफत वाटला, मंडपाला जागा दिली. जिथे दिली तिथे शाडूच्या मूर्ती वाढल्या. चमत्कार नाही, भाडं वाचलं.

शाडूलाही डोक्यावर घेऊ नका. तो आपल्या नदीकाठचा नसतो, बहुतेक गुजरातेतून ट्रकने येतो. लाखो मूर्तींचा शाडू एकाच तलावात गेला तर तळाशी गाळ साचतो. ऑइलपेंट फासलेला शाडू पाण्यासाठी पीओपीचा भाऊच. या गोष्टी चांगला मूर्तिकार कुणी न विचारता सांगतो. पण विचारायला जाणारा अधिकारी हवा, आणि तो ऑगस्टमध्ये नाही, कार्तिकात यायला हवा.

दुसरा धंदा रसायनशास्त्रज्ञांचा. इथे पुणेकरांना थोडं मिरवता येईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी पीओपी घरच्या घरी विरघळवायची रीत काढली आणि २०१६च्या सुमारास पुणे महापालिकेने ती उचलली. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते पाण्यात नीट विरघळत नाही, हाच सगळा तंटा. बादलीत पाणी घ्यायचं, मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट टाकायचं, मूर्ती सोडायची, दर दोन-तीन तासांनी ढवळायचं. दोनेक दिवसांत तळाशी उरतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची पूड, आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी, जे शेतकरी खत म्हणून वर्षानुवर्षं विकत घेतो. ते पातळ करून कुंड्यांना घालता येतं. आणि हे अमोनियम बायकार्बोनेट काही अद्भुत द्रव्य नाही. बेकरीवाला बिस्किटं फुगवायला तेच वापरतो.

किती सुंदर काम. सरकारी प्रयोगशाळा, स्वस्त रसायन, साधी बादली, उरतं ते खत. आता अंमलबजावणी पाहा. क्षेत्रीय कार्यालयात पिशव्या आल्या, फ्लेक्स लागले, पावडर मोफत वाटली गेली. इथे महापालिकेचं काम संपलं, कारण किलो मोजता येतात. कुणाच्या बादलीत काय झालं हे मोजायला माणूस नाही. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत अमोनियाच्या वासात दोन दिवस ढवळत कोण बसणार, रंग खरवडून काढायचा की तसाच सोडायचा, सोसायटीच्या चाळीस बाप्पांना चाळीस बादल्या की एक टाकी, आणि जिला देव बादलीत घालवत नाही अशा आजीला काय सांगायचं, हे प्रश्न रसायनशास्त्राचे नाहीत. ते घराघराशी रोजचा संबंध असलेल्या माणसाने सोडवायचे असतात. शास्त्रज्ञाने त्याचं काम केलं. पुढचा माणूस नेमायला आपण विसरलो.

गंमत म्हणजे तो माणूस पुण्यात होता. खरं तर ती बाई होती. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ची. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून शहरातल्या घराघरांतून कचरा गोळा करू लागली. कोणत्या घरात ओला-सुका वेगळा होतो, कोण पिशवीत काच टाकतं, कोणाच्या गच्चीत खताचा ड्रम आहे, हे या बायांना जितकं ठाऊक आहे तितकं कुठल्याही सल्लागार कंपनीच्या अहवालात येणार नाही. विसर्जनाच्या दिवसांत घाटांवर त्या निर्माल्य वेगळं काढतात. हार वेगळे, प्लॅस्टिक वेगळं, थर्माकोल वेगळं. ते निर्माल्य नदीत न जाता खताकडे जातं. पुण्यात ‘पुनरावर्तन’ नावाची मोहीमही चालते. घरी विसर्जन केलेल्या शाडूच्या मूर्तींची माती गोळा करायची आणि मूर्तिकाराला परत द्यायची. त्यातही स्वच्छच्या कष्टकऱ्यांचा हात आहे. गुजरातेतून ट्रक मागवण्यापेक्षा शेजारच्या पेठेतून गोणी मागवणं स्वस्त, हे कळायला पर्यावरणशास्त्राची पदवी लागत नाही.

पण तज्ज्ञ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पॉवरपॉइंट येतो. मूर्तिकार हा ‘कारागीर’, कचरावेचक ही ‘लाभार्थी’, आणि तज्ज्ञ तो, ज्याच्या लेटरहेडवर जीएसटी क्रमांक आहे. राज्याने राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगामार्फत डॉ. अनिल काकोडकरांसारख्या माणसाकडे हा प्रश्न सोपवला, ते योग्यच केलं. पण २०१० ते २०२५ या काळात पंधरा चतुर्थ्या झाल्या आणि देशाच्या एका अणुशास्त्रज्ञाला आपण अखेरीस प्लॅस्टर ऑफ पॅरिसवर मत विचारलं. तोवर प्रश्न तांत्रिक कमी आणि राजकीय जास्त झाला होता. वैज्ञानिक सल्ला हा भांडणापूर्वी घ्यायचा असतो, भांडणातून सुटायला नव्हे.

कृत्रिम तलावांचंही तसंच. मुंबईत ते दोनशेच्या आसपास होते, २०२५ मध्ये तीनशेच्या घरात गेले. उत्तम. उच्च न्यायालयासमोर आलेल्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये मुंबईत पाच फुटांपर्यंतच्या सुमारे १ लाख ९५ हजार मूर्तींचं विसर्जन झालं, आणि त्यातल्या ८५ हजारांच्या आसपास कृत्रिम तलावांत गेल्या. निम्म्याहून जास्त अजून समुद्रात, तलावात, नाल्याच्या तोंडाशी. आणि जे तलावात गेलं त्याचं पुढे काय? पीओपी तिथेही विरघळत नाही. उपसून कुठेतरी न्यावं लागतं. ‘कुठेतरी’ म्हणजे अनेक शहरांसाठी वर्षानुवर्षं शहराबाहेरची दगडखाण, रात्रीचा डंपर आणि सोबत कॅमेरा नको अशी सूचना. बाप्पाला निरोप दिला म्हणून आपण घरी जाऊन मोदकाचं ताट धुतो. त्यानंतर त्याच्यावर जो प्रवास लादला जातो, तो एकदा मंडळाच्या पोरांना दाखवा. पुढच्या वर्षीची उंची तिथेच ठरेल.

उंचीवरून आठवलं. सहा फुटांपर्यंत हौद, त्यावर सवलत. या नियमाचा हिशेब दहावीतलं पोरगंही करेल. पाच फूट दहा इंचाच्या मूर्तीचं मंडळ पुढच्या वर्षी काय करेल? तीन इंच वाढवेल. मुकुट थोडा उंच, झाली मूर्ती समुद्रपात्र. ज्या मूर्तींत सगळ्यात जास्त पीओपी, त्यांनाच खुला समुद्र. न्यायालयापुढे दुसरा मार्ग ठेवणं हे महापालिकेचं आणि राज्याचं काम होतं, आणि एवढ्या मोठ्या मूर्तीला हौद नाही, हे उत्तर त्यांनी बांधकाम अभियंत्यांना विचारून दिलं की मंडळांना विचारून, हे सांगायला फार डोकं लागत नाही. जुलै २०२५ मध्ये गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून जाहीर झाला. महोत्सव राज्याचा आणि गाळ महापालिकेचा, अशी वाटणी झाली.

शेजारच्या गोव्यात पीओपीच्या मूर्तींवर बंदी आहे आणि चिकणमातीची मूर्ती घडवणाऱ्याला सरकारच्या हस्तकला महामंडळाकडून दर मूर्तीमागे अनुदान मिळतं. रक्कम मोठी नाही. तिथेही बाहेरून पीओपी शिरतो, तक्रारी होतात. पण पैशाची दिशा बघा. तिथे सरकार मूर्तिकाराला धोरणाचा भागीदार समजून हातावर काही ठेवतं. आपण त्याला ब्रश आणि लाल रंग घ्यायला सांगतो, तोही स्वतःच्या पैशाने.

मागणी फार मोठी नाही. आयुक्तसाहेब, गणपतीची आढावा बैठक श्रावणात घेऊ नका. कार्तिकात घ्या, आणि सभागृहात नको, कारखान्यात घ्या. शाडूच्या फळ्या बघा, किती लागतील ते विचारा, जागेचा करार पौषाआधी करा. प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञाला आणि कचरा वेचणाऱ्या बाईला एकाच बैठकीला बोलवा आणि दोघांनाही भत्ता द्या, एकीला नुसती शाल नको. पुढच्या चतुर्थीचे नियम पाडव्याच्या आत छापा आणि मग कुणी कितीही मोर्चे आणले तरी हलवू नका. मंडळांना मोठी मूर्ती कायमची ठेवून छोटीचं विसर्जन करायला सांगा. पुण्यातली मानाची काही मंडळं ते कधीपासून करतात, कुणाचीही भक्ती कमी झालेली नाही.

आणि वाचकहो, तुम्ही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात स्टॉलवर उभं राहून ‘इको-फ्रेंडली आहे ना?’ विचारू नका. त्या वेळी कुठलीही मूर्ती इको-फ्रेंडलीच असते. पाडव्याच्या सुमारास ओळखीच्या मूर्तिकाराकडे जा, शाडूची हवी म्हणून सांगा, उंची एक फुटाच्या आत ठेवा, निम्मे पैसे आगाऊ द्या आणि पावती घ्या. त्याच्या कारखान्यात त्या वर्षी माती किती आणि पीओपी किती उतरणार, हे अशा पावत्यांवर ठरतं.